चाळणी आणि प्रतवारी: फुलसावंगीच्या एका खरेदीखताचा शोध

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक वृद्ध बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. साऱ्या इमारतीत त्यांना काकू म्हणतात. पुण्यात येऊन त्यांना तीस वर्षे झाली, पण बोली अजून वऱ्हाडीच राहिली आहे. गाव फुलसावंगी. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यातले. गावाचे नाव कोणी चुकून ‘सावंगी’ एवढेच घेतले तर त्या लगेच दुरुस्ती करतात. कारण विदर्भात सावंग्या पुष्कळ, फुलसावंगी ती फुलसावंगी!

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. “भाऊ, पेटीतला एक कागद सापडून द्या नं. पोराची ॲडमिशन अडली हाय.”

पोरगा म्हणजे त्यांचा नातू. अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्याजोगे गुण त्याने मिळवले होते. जागा राखीव प्रवर्गातली, म्हणून जात वैधता प्रमाणपत्र हवे आणि त्यासाठी समितीपुढे जुना पुरावा हवा. त्यांच्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या तारखेपूर्वीचा, जातीचा स्पष्ट उल्लेख असलेला घराण्यातला कागद पाहिजे. आणि कागद जितका जुना तितके त्याचे वजन जास्त. काकूंना असा एक कागद आठवत होता. त्यांच्या आजेसासऱ्यांनी शेत विकत घेतले त्याचे खरेदीखत. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी तो पेटीतून काढून दाखवला होता.

आता पेटी म्हणजे पत्र्याच्या ट्रंका, त्याही दोन. पण त्या उघडून बसण्याची गरज नव्हती. काकूंचा भाचा पुण्यातच एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. २०२० साली टाळेबंदीत घरी अडकून पडला असताना त्याने मावशीच्या दोन्ही ट्रंका रिकाम्या केल्या, एकेका कागदाचे छायाचित्र घेतले, मोडीतले कागद जाणत्याकडून वाचवून घेतले आणि सगळा मजकूर टंकून काढला. अकराशे कागद! सातबाराचे उतारे, खताच्या पावत्या, लग्नपत्रिका, बँकेची पत्रे, खरेदीखते, दवाखान्याची बिले. प्रत्येकाच्या माथ्यावर त्याने पाच रकाने केले: साल, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार. शिवाय मजकुरातला शब्द टाकला की कागद शोधून देणारी एक यंत्रणाही स्वतः रचली. तेव्हा काम पाच मिनिटांचे, असे आम्हां सर्वांना वाटले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. आणि त्या तीन संध्याकाळींत मला जे समजले ते सांगण्यासाठी हा लेख.

भाच्याने मावशीचेच शब्द टाकले: फुलसावंगी, शेत, कागद. क्षणात यादी आली. पहिला कागद वर्धेजवळच्या सावंगी (मेघे) इथल्या रुग्णालयाचे बिल. दुसरा तेच. तिसराही तेच.

“हे तं दवाखान्याचे बिलं हायेत, बापू. शेत कुठी हाय?”

काकूंचे यजमान शेवटच्या आजारात तिथे होते, त्या वेळची ती बिले. यंत्राने ती शेताच्या आधी का काढावीत? मी विचारले, तेव्हा भाच्याने जे सांगितले ते इतके सरळ होते की आपण रोज ज्या शोधयंत्रांपुढे बसतो त्यांचे हे पोट आपल्याला आधीच कोणी का दाखवले नाही, असे वाटले.

यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला मोजता येते. ग्रंथाच्या शेवटी जशी सूची असते, कोणता शब्द कोणकोणत्या पानावर आहे ते सांगणारी, तशी प्रत्येक शब्दाची सूची ते आधीच करून ठेवते. मग विचारलेले शब्द कोणत्या कागदात किती वेळा आले ते पाहून गुण देते. पण सगळ्या शब्दांना सारखे गुण देऊन भागत नाही. ‘शेत’ हा शब्द त्या ट्रंकांतल्या शेकडो कागदांवर. तो कुठे सापडला यात विशेष ते काय? जो शब्द थोड्याच कागदांवर आहे तो सापडला तर मात्र खूण मोठी. ही कल्पना नीट हिशेबात बसवून मांडली ती केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने, १९७२ साली. पुढे लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात आणखी दोन गोष्टी मुरवल्या. एक, तोच शब्द पुन्हा पुन्हा आला तर गुण वाढावेत, पण दर खेपेस कमी कमी. दहादा नाव घेतले म्हणून दहापट भक्ती होत नाही. दुसरी, लांबलचक कागदात एखादा शब्द सहज येऊन जातो, तेव्हा आखूड कागदाला झुकते माप द्यावे. १९९४ च्या सुमारास पक्के झालेले त्यांचे सूत्र ‘बीएम २५’ या रुक्ष नावाने आजही पुष्कळ शोधयंत्रांत चालते. भाच्याच्या यंत्रणेतही तेच होते.

आता बिलांचे कोडे उलगडते. माणूस कागदावर लिहितो, पण ‘कागद’ हा शब्द कागदावर सहसा लिहीत नाही. त्या अकराशेंत तो शब्द दुर्मिळ होता, म्हणून त्याचे गुण भरमसाट. आणि प्रत्येक बिलाच्या तळाशी छापलेले होते, ‘सर्व कागदपत्रे सोबत आणावीत’! भाच्याने यंत्राला कागद, कागदाला, कागदपत्रे ही एकाच घरची मंडळी म्हणून शिकवले होते. मराठीला ते शिकवावेच लागते, नाही तर फुलसावंगी, फुलसावंगीला, फुलसावंगीच्या हे त्याला तीन निराळे गाव वाटतील. शिवाय जुन्या कागदांत गावाचे नाव ‘फूल सावंगी’ असे तोडून लिहिलेले असते, म्हणून नुसती ‘सावंगी’ही चालेल अशी मुभा त्याने ठेवली होती. बिलावर माथ्याला सावंगी, शिक्क्यात सावंगी, आणि बिल आखूड. सगळे ग्रह अनुकूल!

यंत्राची चूक म्हणावी तर नाही. विचारले त्याचे उत्तर त्याने चोख दिले. मी नंतर सहज इंटरनेटवर नुसते ‘फुलसावंगी’ टाकून पाहिले. २०२१ साली त्या गावातल्या एका तरुणाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत प्राण गमावले, त्याच्या बातम्या सर्वांत वर. जगाला ते गाव त्या एका घटनेने ठाऊक. काकूंना ते शेताच्या बांधाने ठाऊक.

या गुण देण्याला काय म्हणावे हे काकूंनीच सुचवले. भाच्याचे सारे ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजे कापसाची प्रतवारी करतेत तसंच नं?” अगदी तसेच. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. प्रतवारी हा शब्द तिथे घरातल्या मुलालाही कळतो. धागा किती लांब, रंग कसा, कचरा किती, यावर माल वरचा की खालचा ते ठरते. पण काकूंनी आणखीही एक गोष्ट सांगितली. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर प्रतवारीच्या आधी ओलावा पाहतात. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की संपले. मग धागा रेशमासारखा का असेना, माल घेत नाहीत. आठ ते बारा टक्के असेल तर घेतात, पण भावात कपात करतात.

वाचकांनी हे एक वाक्य नीट पाहावे, कारण पुढचा सगळा घोळ यातच आहे. ‘बाराच्या वर नको’ ही चाळणी. तिथे होय किंवा नाही, तिसरे उत्तर नाही. ‘आठाच्या वर कपात’ ही प्रतवारी. तिथे कमी-अधिक चालते, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. स्थळे पाहताना आपण हेच करतो. काही गोष्टी अटी असतात आणि काही अपेक्षा असतात. मुलगा निर्व्यसनी हवा ही अट. पुण्यात घर असल्यास बरे ही अपेक्षा. आणि कित्येक घरांत लग्ने रखडतात ती अपेक्षांना अटी करून ठेवल्यामुळे, हे ज्यांनी चार पत्रिका जुळवल्या आहेत त्यांना सांगायला नको.

चाळणीचा एक फार मोठा नमुना आपल्या देशात रोज लाखो पत्रांवर चालतो, आणि तो रचणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अतिरिक्त सचिव आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, वाचता न येणारी अक्षरे, यांवर तोडगा म्हणून त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. (स्पार्क जोन्सबाईंचा लेखही त्याच वर्षीचा. एकीने प्रतवारी दिली, दुसऱ्याने चाळणी. एकमेकांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते.) फुलसावंगीचे पत्र घ्या. पहिला आकडा ४: महाराष्ट्र, मध्य प्रदेश हा भाग. ४४: विदर्भ. ४४५: यवतमाळ. तीन आकड्यांत वर्धेची सावंगी बाद झाली, आणि सावंगी हा शब्द कोणी वाचलासुद्धा नाही. टपाल निवडणारा ‘हे पत्र साधारण यवतमाळचे वाटते’ असे म्हणत नाही.

तेव्हा भाच्याने पहिल्याच संध्याकाळी केले ते योग्यच होते. त्याने अट घातली: जिल्हा यवतमाळ. बिलांचा जिल्हा वर्धा, ती जाणारच. कळ दाबली. पडद्यावर तीन कागद आले. एक खताची पावती, एक लग्नपत्रिका, एक बँकेचे पत्र.

“मावशी, तीनच आहेत.”

“तीनच कसे? पेटी भरून होते नं!”

काकूंचे बरोबर होते. भाचा बराच वेळ डोके खाजवत बसला आणि मग स्वतःवरच हसला. त्याच्या यंत्रणेत आधी प्रतवारी होऊन वरचे वीस कागद बाजूला निघत, आणि मग त्या विसांवर चाळणी फिरे. विसांत सतरा बिले होती, ती गळाली, उरले तीन. खाली शेकडो यवतमाळचे कागद होते, पण त्यांना कोणी चाळणीपर्यंत येऊच दिले नव्हते. म्हणजे हजार गाड्यांतून धागा पाहून वीस गाड्या निवडायच्या, मग त्या विसांचा ओलावा मोजायचा, आणि सगळ्या ओल्या निघाल्या म्हणून ‘आज बाजारात कापूस नाही’ असे सांगून घरी जायचे! बाहेर कोरड्या कापसाच्या गाड्या उभ्याच. भाचा म्हणाला, “काका, ही चूक मोठमोठ्या ठिकाणी सापडते.” मला त्याचे नवल वाटले नाही. वीस कागदांवर चाळणी फिरवणे अकराशेंवर फिरवण्यापेक्षा सोपे दिसते, एवढेच कारण. वास्तविक सूची हाताशी असली की आधी चाळणेही अवघड नसते: यवतमाळच्या कागदांचे क्रमांक एका यादीत, ‘शेत’ असलेल्यांचे दुसरीत, दोन्ही याद्या शेजारी धरून सामाईक क्रमांक उचलायचे.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने क्रम उलटा करून आणला. आधी चाळणी, मग उरलेल्यांत प्रतवारी. एक बारकावा त्याने आवर्जून सांगितला: चाळणीने कोणालाही जास्त गुण मिळत नाहीत. यवतमाळचा असणे ही आत येण्याची चिठ्ठी, शाबासकी नव्हे. तसेच कोणता शब्द दुर्मिळ हे तो अजून सगळ्या अकराशे कागदांवरूनच ठरवत होता, चाळून उरलेल्यांवरून नव्हे. भाव साऱ्या बाजारावरून ठरतो, आपल्या एका गाडीवरून नाही. ‘कागद’ हा शब्द मात्र त्याने मावशीची परवानगी घेऊन काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘खरेदीखत’ आणि ‘जमीन’ हे शब्द घातले.

या वेळची यादी पाहून आम्हांला वाटले, जिंकलो. सहाशेच्या वर कागद, आणि अगदी वर खरेदीखतेच. १९५८ चे, १९७१ चे, १९८४ चे. १९५८ चे तारखेत बसत होते, पण त्यात जात लिहिलेली नव्हती. जुने खत नव्हतेच. शंभर कागद खाली गेलो, दोनशे गेलो. प्रवेशाच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते. भाचा हळूच म्हणाला, “मावशी, तो कागद वाळवीने खाल्ला असेल.”

काकू उठून उभ्या राहिल्या. “वाळवी नाही न् काही नाही. सासूबाईनं सोता दाखोला होता मले.”

मी त्यांना विचारले, “काकू, किती जुना असेल अंदाजाने?”

“माहे सासरे जन्मले नव्हते तवाचा.”

सासऱ्यांचा जन्म १९०५ चा, हे त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरून भाच्याला ठाऊक होते. १९०५ हा आकडा ऐकला आणि मला वऱ्हाडचा इतिहास आठवला. यवतमाळ जिल्हा त्या नावाने झाला तोच मुळी १९०५ साली. त्याआधी त्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत, आणि पुसद तालुका त्यातही नव्हता. तो होता वाशीम जिल्ह्यात. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडला गेला. महागावचा मुलूख त्या काळी पुसद तालुक्यातलाच. म्हणजे काकूंचे सासरे जन्मण्यापूर्वी फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्यात नव्हती! गाव जागचे हलले नव्हते. सरकार त्याच्याभोवती कुंपणे हलवत होते. नुसता जिल्हाच नव्हे. त्याच ट्रंकेतल्या १९५५ च्या पावतीवर राज्य छापले होते ‘मध्यप्रदेश’, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ त्या राज्यात होता. पुढे १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्य. ‘राज्य महाराष्ट्र’ अशी अट कोणी घातली असती, तर काकूंच्या सासऱ्यांची निम्म्याहून अधिक हयात चाळणीतून खाली पडली असती.

आणि भाच्याने तर इमानदारीने कागदावर होते तसेच रकान्यात भरले होते. कोणी खोटे लिहिले नव्हते. उलट नोंद खरी होती म्हणूनच कागद हरवला! शिवाय शे-दीडशे कागदांवर जिल्ह्याचा उल्लेखच नव्हता, त्यांचा रकाना रिकामा. रिकामा रकाना ‘यवतमाळ’ नव्हे, म्हणून तेही बाहेर. चाळणीचा हाच धोका. प्रतवारीत चूक झाली तर माल खाली जातो, पण यादीत असतो. चार पाने उलटली की दिसतो. चाळणीत चूक झाली तर तो दिसतच नाही, आणि दिसत नाही हेही दिसत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही तिघे बसून एकेका गोष्टीचा निवाडा केला. तारीख? १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. तिथे ‘जवळपास’ चालणार नाही, ही अट. कागदाचा प्रकार? बिले, पत्रिका नकोतच, हीही अट. जिल्हा? ही अपेक्षा. यवतमाळ असेल तर थोडे गुण जास्त, वाशीम असेल तरी तेवढेच, रिकामा असेल तर गुण नाहीत पण बाहेरही काढायचे नाही. थोडे म्हणजे किती, यावर भाच्याला बराच खटाटोप करावा लागला. पहिल्यांदा त्याने जिल्ह्याला इतके गुण दिले की मजकुरात शेताचा पत्ता नसलेले कागदही केवळ यवतमाळचे म्हणून वर चढून बसले, वशिल्याच्या उमेदवारांसारखे. मग गुण उतरवत उतरवत आणले. जुन्या लेखनातले अनुस्वारही पुसायला सांगितले, कारण १९६२ चे लेखनाचे नियम येण्यापूर्वीच्या कागदांत ‘शेतांत’, ‘कांहीं’ असे असायचे, आणि यंत्र त्या टिंबापायी दोन शब्दांना परके समजते.

कळ दाबली. पहिला कागद १९११ चा, दुसरा १९२६ चा. दोन्हींत जात नाही. तिसरा कागद:

मौजे फूल सावंगी, तालुके पुसद, जिल्हे वाशीम. साल १९०२.

भाच्याने छायाचित्र मोठे केले. घेणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, जात, धंदा शेती. खाली चतुःसीमा. काकू चष्मा पुसून पडद्याजवळ वाकल्या. नाव त्यांनी वाचले नाही. त्या थेट चतुःसीमेवर गेल्या. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट. “हे बघ बापू, हा नाला. इथंच तुह्या काकाजीनं हीर खांदली होती.” मूळ खत दुसऱ्या ट्रंकेत, तळाला घातलेल्या लुगड्याच्या घडीखाली निघाले. दुसऱ्या दिवशी प्रती काढून अर्जाला जोडल्या आणि नातू रात्रीच्या गाडीने यवतमाळला गेला.

भाचा संगणक आवरू लागला तेव्हा काकू म्हणाल्या, “बापू, ते पहिल्या दिवशी बिलं आले होते, ते कुठी गेले?”

“ते चाळणीत गेले, मावशी. आहेत. काढू का?”

“काढ बरं. त्याच्यावर यायची सही हाय.”

त्याने दोन्ही अटी काढल्या. सावंगी (मेघे) ची सतरा बिले पुन्हा वर आली.